विनयभंगापासून समतेच्या हक्कापर्यंत

नोकरीच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास प्रथम साधनांची अडचण जाणवते. अन्याय जुना आहे. परंतु भारतीय कायद्यात त्याची स्वतंत्र व्याख्या झाली ती १९९७ साली. त्यापूर्वीच्या कागदपत्रांत तो विनयभंग, गैरवर्तन, शिस्तभंग अशा निरनिराळ्या सदरांखाली विखुरलेला आढळतो. व्याख्येबरोबर न्यायालयापुढील प्रश्नही कसा बदलला, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

१८६० च्या भारतीय दंडसंहितेतील ३५४ व ५०९ या कलमांचा भर स्त्रीच्या विनयशीलतेवर व आरोपीच्या हेतूवर होता. आरोपी वरिष्ठ होता की अनोळखी, याचा विचार त्यांत नव्हता; मालकाच्या जबाबदारीचाही नव्हता. या चौकटीची मर्यादा रूपन देओल बजाज यांच्या खटल्यात दिसून आली. प्रशासकीय सेवेतील या अधिकारी स्त्रीने जुलै १९८८ मध्ये चंडीगड येथील एका मेजवानीत घडलेल्या प्रकाराबद्दल पंजाबचे पोलीस महासंचालक के. पी. एस. गिल यांच्याविरुद्ध फिर्याद दिली. क्षुल्लक इजा हा गुन्हा नव्हे, असे सांगणाऱ्या कलम ९५ चा आधार घेऊन उच्च न्यायालयाने १९८९ साली ती रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये हा निर्णय फिरविला व पुढील वर्षी गिल दोषी ठरले. आपली तक्रार क्षुल्लक नाही, एवढे मान्य करून घेण्यास उच्चपदस्थ स्त्रीलाही सात वर्षे लागली.

जिच्यापाशी पद नव्हते अशा स्त्रीचा अनुभव याहून कठोर होता. भंवरीदेवी या राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमातील 'साथिन' होत्या. भटेरी गावी एक बालविवाह थांबविण्याचा प्रयत्न त्यांनी केला, तो याच कामाचा भाग म्हणून. त्याबद्दल सप्टेंबर १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला, आणि १९९५ साली आरोपी बलात्काराच्या आरोपातून निर्दोष सुटले. मात्र 'विशाखा' व अन्य संस्थांनी सर्वोच्च न्यायालयात निराळाच प्रश्न मांडला : कामामुळे ओढवणाऱ्या या धोक्यापासून स्त्रीचे रक्षण करणे कोणाचे कर्तव्य आहे?

१३ ऑगस्ट १९९७ रोजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, न्या. सुजाता मनोहर व न्या. बी. एन. किरपाल यांच्या पीठाने याचे उत्तर दिले. लैंगिक छळ हा समता, जीवित व व्यवसायस्वातंत्र्य या मूलभूत हक्कांचा भंग ठरला. वर्तन स्त्रीस नकोसे होते काय, ही त्याची कसोटी ठरली. केवळ स्पर्शच नव्हे, तर लैंगिक सूचक बोलणे, मागणी व हावभावही व्याख्येत आले. वेतनाबरोबर मानधनावर अथवा स्वेच्छेने केलेल्या कामाचाही त्यात उल्लेख होता. तक्रार समितीची अध्यक्ष स्त्री असावी, निम्म्याहून कमी नसतील इतक्या सदस्य स्त्रिया असाव्यात व एक व्यक्ती बाहेरची असावी, अशी व्यवस्था मालकांवर बंधनकारक झाली.

नवा दृष्टिकोन रुजण्यास मात्र वेळ लागला. प्रत्यक्ष स्पर्श झाला नाही म्हणून बडतर्फ कर्मचाऱ्यास कामावर घेण्याचा दिल्ली उच्च न्यायालयाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयास १९९९ मध्ये रद्द करावा लागला. मेधा कोतवाल लेले यांच्या प्रकरणात २०१२ साली त्याच न्यायालयाने अंमलबजावणीतील उणिवांबद्दल नापसंती नोंदविली. २०१३ च्या अधिनियमाने दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत अंतर्गत समिती आणि लहान आस्थापना व घरकामगार यांच्यासाठी जिल्ह्यात स्थानिक समिती आवश्यक केली. कामानिमित्त जावे लागणारे प्रत्येक स्थळ 'कामाचे ठिकाण' ठरले. साथिनीची कचेरी म्हणजे सारा गाव, ही वस्तुस्थिती कायद्याच्या शब्दांत बसण्यास एकवीस वर्षे लोटली.

याच अधिनियमाचे कलम १६ तक्रारदाराची ओळख व चौकशीचा तपशील प्रसिद्ध करण्यास मनाई करते. तक्रारदाराच्या रक्षणासाठी ही गुप्तता अवश्य आहे. तथापि, वार्षिक अहवालांत अभ्यासकाच्या हाती मुख्यतः तक्रारींची संख्याच उरते. ज्या अहवालात ती शून्य असेल, तेथे छळ नव्हता की विश्वास नव्हता, हे तो आकडा सांगत नाही. शून्यास निर्दोषतेचा पुरावा मानणारा इतिहासकार, १९८९ साली उच्च न्यायालयाने केलेली चूकच निराळ्या रीतीने पुन्हा करील.