हौशी रंगभूमी आणि तरुण नटांची विश्वासार्हता : ‘घाशीराम कोतवाल’चा दाखला

हौशी रंगभूमीवरील तरुण नट बेभरवशाचे असतात, हा समज जुना आहे. परीक्षा, नोकरी व विनामोबदला श्रम ही त्याची कारणे सांगितली जातात. तथापि पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनने १९७२ मध्ये सादर केलेले विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ वेगळी साक्ष देते. त्यात ब्राह्मणांची रांग हाच पडदा होता. एकाचीही गैरहजेरी जाणवावी, अशी ती रचना होती. १९ प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबविले. तेव्हा दिग्दर्शक जब्बार पटेल यांच्यासह अनेक तरुणांनी बाहेर पडून १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी स्थापन केली. १९७४ पासून प्रयोग पुन्हा सुरू झाले आणि १९८० मध्ये नाटक युरोपात गेले. किमान या उदाहरणापुरते असे म्हणता येईल की, नटांची विश्वासार्हता वयावर वा मानधनावर नव्हे, तर कलाकृतीत त्यांना लाभलेल्या वाट्यावर अवलंबून होती.