बांधकाम कामगार : बदलते तंत्रज्ञान आणि मानसिक स्वास्थ्य

हंगामी स्थलांतर, ठेकेदाराकडून घेतलेली उचल, उंचीवरचे जोखमीचे काम आणि पत्र्याच्या खोल्यांतला मुक्काम यांचा ताण बांधकाम कामगारांच्या मनावर पूर्वीपासूनच आहे. यंत्रांनी त्यात कसब निरुपयोगी ठरण्याची धास्ती वाढवली.

मुंबई-पुण्यात पूर्वी स्लॅब टाकायचा म्हणजे माल कालवून घमेली हातोहात वर पोचवणारी रांग लागे. तीत बायका मोठ्या संख्येने असत. रेडी मिक्स काँक्रीट आणि पंप आल्यावर डोक्यावरचे ओझे उतरले, पण अनेकींचा रोजही गेला. यंत्रावरची कामे बहुधा पुरुषांकडेच गेली. ॲल्युमिनियमच्या साच्यांत भिंती आणि स्लॅब एकदमच ओतले जातात, म्हणून वीटकाम व गिलावा फारसा उरत नाही. ओळंबा लावून भिंत उभी करण्यात हयात घालवलेल्या गवंड्यावर खुणा पाहून प्लेटा जोडायची वेळ येते. पैशांइतकाच हा प्रतिष्ठेचाही तोटा आहे. आठवडा-दहा दिवसांत मजला उठवायचा, म्हणून रात्रपाळ्या लागतात आणि झोप मोडते. टॉवर क्रेनचा चालक तर तासन्‌तास उंच केबिनमध्ये एकटा असतो आणि खालच्यांच्या जिवाची जबाबदारी त्याच्यावर असते.

हजेरीचे यंत्र हा रोजचा जाच ठरू शकतो. सिमेंटने बोटांच्या रेषा झिजतात, ठसा जुळत नाही. मुकादमाशी निदान हुज्जत तरी घालता येत असे. इथे रोज बुडेल की काय, या विवंचनेतच दिवस सुरू होतो. मोबाइलने मात्र दिलासाही दिला आहे : व्हिडिओ कॉलवर गावाकडची मुले दिसतात, घरी पैसे लगेच पोचतात.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२१ मध्ये देशात आत्महत्या केलेल्या १,६४,०३३ जणांपैकी ४२,००४ रोजंदारी मजूर होते. त्यांत बांधकाम कामगार किती, हे या आकड्यावरून कळत नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये २००८ पासून ‘मेट्स इन कन्स्ट्रक्शन’ ही संस्था सोबत्याची घालमेल ओळखायला कामगारांनाच शिकवते. भारतात १९९६ च्या कायद्यांनी बांधकामावर उपकर बसवून कल्याण मंडळांची तरतूद केली. नोंदणीसाठी मात्र मागील वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराला तो मिळवणेच अवघड जाते. ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मराठीसह अनेक भाषांत मिळते. पाळी, विश्रांती आणि मजुरी यांची शाश्वती नसेल, तर नुसते समुपदेशन अपुरे पडते.