गर्भातल्या मेंदूचा नकाशा

फौजेत नकाशा हाती आला की आम्ही आधी त्यावरचं साल बघायचो. नद्या पात्र बदलतात. जुन्या नकाशावर तुकडी हलवता येत नाही. आजच्या नकाशात तर भूगोल दर आठवड्याला बदलतो. तो आहे गर्भातल्या बाळाचा मेंदू.

सुरुवात युद्धातून झाली. पहिल्या महायुद्धात फ्रान्सचे पॉल लांजव्हँ पाणबुड्या शोधण्यासाठी ध्वनिलहरी वापरण्याच्या कामाला लागले. पुढे त्याच तत्त्वावर कारखान्यांत धातूतले तडे शोधू लागले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात असलेले डॉक्टर इयन डोनाल्ड १९५५ साली ग्लासगोजवळच्या एका बॉयलर कारखान्यात असं यंत्र बघायला गेले, तेही शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी सोबत घेऊन! १९५८ मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि सोनोग्राफीची वाट खुली झाली.

बाळाच्या डोक्याची रुंदी मोजता येऊ लागली. पण कवटी मोजणं वेगळं, मेंदू पाहणं वेगळं. १९८३ मध्ये स्कॉटलंडमधल्याच ॲबर्डीनच्या डॉक्टरांनी गर्भारपणातल्या एमआरआयचा अनुभव प्रसिद्ध केला. अडचण अशी, की बाळ स्थिर राहत नाही. १९९०च्या दशकात एकेक काप झटकन टिपणाऱ्या पद्धती आल्या. नंतर संगणक हे हललेले काप जुळवून पूर्ण मेंदू उभा करू लागला. अशा अनेक मेंदूंची सरासरी काढून लंडन आणि बॉस्टनमध्ये आठवडेवार नकाशे तयार झाले.

आठवड्याला इतकं महत्त्व का? विसाव्या आठवड्यात मेंदू जवळजवळ गुळगुळीत असतो. बहुतेक घड्या नंतर पडतात. तोच गुळगुळीतपणा चौतिसाव्या आठवड्यात दिसला, तर तो गंभीर दोष.

आपल्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भात मोठं व्यंग असेल, तर २४ आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळ गर्भपाताला परवानगी देऊ शकतं. मेंदूतला दोष असेल, तेव्हा त्या आईचा निर्णय बऱ्याच अंशी अशा चित्रावर उभा असतो.

डिसेंबर २०२४ मध्ये आयआयटी मद्रासने ‘धरणी’ हा नकाशा जगाला खुला केला. गर्भावस्थेच्या मधल्या तिमाहीतल्या मेंदूंचे ५,१३२ काप त्यात आहेत. हे स्कॅन नव्हेत, प्रत्यक्ष मेंदूचे काप. म्हणून पेशींच्या पातळीवरचा तपशील दिसतो. स्कॅनमधली धूसर रेघ नेमकी कशाची, हे ताडून पाहायला असा आधार लागतो.

पाणबुडी शोधताना शत्रू कुठे आहे, एवढंच हवं होतं. इथे मात्र निकोप काय, हे आधी ठाऊक हवं. त्याशिवाय दोष ओळखता येत नाही. जय हिंद.