देणगीदार व साहाय्यार्थी यांची माहिती : गट-अधिकारांची व्यवस्था

मंदिराच्या कार्यालयात पूर्वी पावतीपुस्तक, रोजकीर्द आणि खतावणी एवढेच दप्तर असे. ते कपाटात राही व किल्ली एका जबाबदार व्यक्तीपाशी असे. आता हीच माहिती संगणकावरील डेटाबेसमध्ये असते, आणि तिचे स्वरूपही पालटले आहे. आयकर कलम ८०जी खालील सवलतीसाठी २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून धर्मादाय संस्थांना देणगीदारांचे विवरण फॉर्म १०बीडीद्वारे सादर करावे लागू लागले. त्यामुळे नाव-पत्त्याबरोबर पॅन वा आधार क्रमांकही दप्तरी आला. वैद्यकीय किंवा शैक्षणिक साहाय्य मागणाऱ्यांच्या अर्जांत आजार, उत्पन्न आणि घरची अडचण यांचाही तपशील असतो.

सुरतमध्ये, विशेषतः लिंबायत व उधना भागांत, खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे राहतात. यंत्रमागावर काम करणाऱ्या एखाद्या बांधवाने मुलीच्या शस्त्रक्रियेसाठी अर्ज केला, तर ती गोष्ट गल्लीत चर्चेचा विषय होता कामा नये. तसेच ज्याने गुप्तदान केले, त्याचे नाव धनादेशामुळे दप्तरी आले म्हणून ते सर्वांना दिसावे असे नाही. या हाताचे दान त्या हाताला कळू नये, ही आपली रीत आहे. संगणकावर ती पाळण्याचे साधन म्हणजे गट-अधिकार. त्याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

१. तत्त्व जुनेच आहे

मराठेशाहीच्या कारभारात दरखदारांची पद्धत होती. मजुमदार हिशेब तपासी, फडणीस रोजकीर्दीची व्यवस्था पाही, चिटणीस पत्रव्यवहार सांभाळी, पोतनीस रोकड पाही. स्थानिक अंमलदाराला या दरखदारांना परस्पर दूर करता येत नसे. म्हणजे अधिकार व्यक्तीच्या मर्जीवर नसून पदावर होता, आणि एका पदाचे काम दुसऱ्याच्या नजरेखालून जात होते.

संगणकशास्त्रात हाच विचार दोन टप्प्यांनी आला. १९७५ साली साल्ट्झर व श्रोडर यांनी ‘किमान अधिकारा’चे तत्त्व मांडले : प्रत्येकास त्याच्या कामापुरताच अधिकार असावा. १९९२ साली अमेरिकेतील राष्ट्रीय मानक संस्थेतील फेरायोलो व कुन यांनी भूमिकेवर आधारित प्रवेश-नियंत्रणाची रीतसर मांडणी केली. व्यक्तीस थेट अधिकार न देता तो भूमिकेस किंवा गटास द्यावा व व्यक्तीस त्या गटात बसवावे, हे तिचे सार होय.

याचा लाभ उघड आहे. कार्यकर्ता बदलला की त्याचे नाव गटातून काढावे, नव्याचे घालावे. अधिकारांची यादी जशीच्या तशी राहते. वीस जणांना वेगवेगळे अधिकार वाटले, तर वर्षभराने कोणाला काय दिले हे सांगणे कठीण होते.

२. गटांची मांडणी

मध्यम आकाराच्या न्यासास पुढील गट पुरेसे ठरतात.

(अ) देणगी खिडकी : नवी पावती नोंदविणे व त्या दिवसाच्या पावत्या पाहणे. जुनी नोंद बदलणे वा खोडणे नाही. पूर्ण यादी पाहणे नाही.
(आ) लेखा विभाग : सर्व रकमा व पॅन पाहणे, विवरणे तयार करणे. साहाय्य-अर्जांतील वैद्यकीय मजकूर नाही.
(इ) साहाय्य समिती : अर्ज व त्यासोबतची कागदपत्रे. देणगीदारांची नावे नाहीत.
(ई) अंकेक्षक : हिशेबाचे सर्व काही वाचणे, लिहिण्याचा अधिकार मुळीच नाही.
(उ) उत्सव कार्यकर्ते : केवळ सेवेकऱ्यांची नावे व दूरध्वनी क्रमांक. उत्सव संपताच गट रिकामा करावा.
(ऊ) तंत्रसाहाय्यक : डेटाबेसची देखभाल. हा अधिकार सर्वांत मोठा असल्याने तो कमीत कमी व्यक्तींना द्यावा व त्याच्या वापराची नोंद स्वतंत्र ठेवावी.

या यादीत विश्वस्तांचा गट नाही, ही गोष्ट ध्यानी घ्यावी. विश्वस्तांस एकत्रित आकडे व अहवाल मिळावेत. प्रत्येक आधार क्रमांक पाहण्याचे त्यांना कारण नसते. मान वेगळा आणि प्रवेशाचा अधिकार वेगळा. हे ठरावात लिहून घेतल्यास पुढे संकोच उरत नाही.

३. प्रत्यक्ष अंमल

बहुतेक डेटाबेसमध्ये अधिकार देण्यासाठी ‘ग्रँट’ व काढून घेण्यासाठी ‘रिव्होक’ ही आज्ञा असते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये २००५ च्या ८.१ आवृत्तीपासून आणि मायएसक्यूएलमध्ये २०१८ च्या ८.० आवृत्तीपासून भूमिकांची सोय आहे. पाहणे, भरणे, बदलणे व खोडणे हे चार अधिकार वेगवेगळे देता येतात. ते एकत्र देऊ नयेत.

संपूर्ण तक्त्याऐवजी ‘व्ह्यू’ तयार करून त्यावर अधिकार देणे हा दुसरा उपाय. त्यात आधार क्रमांकाचे शेवटचे चार अंकच दिसतील अशी योजना करता येते. तिसरा उपाय ओळींच्या पातळीवरील बंधनाचा. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये तो २०१६ च्या ९.५ आवृत्तीपासून आहे. एका शाखेच्या कार्यकर्त्यास फक्त त्या शाखेच्या नोंदी दिसाव्यात, यासाठी तो उपयुक्त आहे.

४. कोठे चूक होते

पहिली गोष्ट : एक व्यक्ती दोन गटांत असली की तिला सामान्यतः दोन्हींचे अधिकार एकत्र मिळतात. खिडकीवरील कार्यकर्ता साहाय्य समितीवरही असेल, तर दोन गटांमध्ये घातलेली भिंत त्याच्यापुरती नाहीशी होते.

दुसरी : सामायिक प्रवेश-नाम. ‘कार्यालय’ या एकाच नावाने पाच जण काम करीत असतील, तर नोंदवहीत पाचांपैकी कोण, हे कधीही कळणार नाही.

तिसरी : डेटाबेसमधून काढलेली एक्सेलची प्रत. ती पेनड्राइव्हवर किंवा व्हॉट्सॅपवर गेली की कोणताही गट-अधिकार तिला लागू होत नाही. म्हणून यादी बाहेर काढण्याचा अधिकार हा स्वतंत्र अधिकार समजावा. बॅकअपच्या प्रतींसही हेच लागू.

५. सुरतचा व देशाचा अनुभव

हा प्रश्न केवळ कल्पनेतला नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुरत पोलिसांनी रास्त भाव दुकानांच्या दोन चालकांना अटक केली. शिधापत्रिकाधारकांची माहिती बोटांच्या ठशांसह अनधिकृत संगणक प्रणालीद्वारे वापरून त्यांच्या नावे परस्पर धान्य उचलल्याचा आरोप होता. त्याच वर्षी जानेवारीत ‘द ट्रिब्यून’ या दैनिकाने वृत्त दिले की, पाचशे रुपयांत मिळालेल्या प्रवेश-नामाने आधारधारकांची नावे, पत्ते व क्रमांक पाहता आले. जैविक माहिती सुरक्षित असल्याचे सांगून प्राधिकरणाने हा तक्रार-निवारणासाठी दिलेल्या शोध-सुविधेचा गैरवापर असल्याचे म्हटले. म्हणजे कुलूप फोडण्याची गरज पडली नव्हती. एका कामासाठी दिलेली किल्ली दुसऱ्या कामासाठी फिरली.

६. कायद्याचे बंधन

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यास ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले व सुरक्षेविषयीच्या तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. प्रवेशावर नियंत्रण, प्रवेशाच्या नोंदी आणि त्या नोंदी एक वर्ष जतन करणे, यांचा त्यांत उल्लेख आहे. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

७. नियमित तपासणी

दर तीन महिन्यांनी गटांची यादी छापून चिटणीस व अंकेक्षक यांनी एकत्र बसून वाचावी. प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न विचारावा : या व्यक्तीस आजच्या कामासाठी हे पाहण्याची गरज आहे काय? उत्तर ‘पूर्वी होती’ असे आले, तर नाव त्याच बैठकीत काढावे. त्यात कोणाचाही अविश्वास नाही. उद्या काही माहिती फुटली, तर संशय निरपराध कार्यकर्त्यावर येऊ नये, हाही या व्यवस्थेचा हेतू आहे.

देणगीदार व साहाय्यार्थी यांनी आपण माहिती दिलेल्या कोणत्याही संस्थेस ‘माझी माहिती कोण पाहू शकतो?’ असे अवश्य विचारावे, ही आमची विनंती. या प्रश्नाचे लेखी उत्तर देता येणे, हे चांगल्या दप्तराचे लक्षण होय.