मोरुंग: पहाऱ्याच्या घराची शाळा

नागा टेकड्यांतली गावं डोंगरमाथ्यावर वसली ती शत्रूच्या धास्तीने. शेजारच्या गावाचा छापा रात्री किंवा भल्या पहाटे पडायचा. म्हणून गावातली तरणी पोरं घरी झोपत नसत. वेशीजवळच्या एका मोठ्या घरात ती एकत्र राहत आणि पहारा देत. हेच मोरुंग. नागांमधली आओ जमात त्याला अरिजू म्हणते, लोथा चंपो, कोन्याक बान.

पहाऱ्याच्या या घरातच शाळा उभी राहिली. मधोमध शेकोटी, भोवती फळ्यांच्या बाजा आणि थोरल्यांच्या तोंडून पूर्वजांच्या कथा, गाणी, लढायांच्या हकिकती. आओंची दंतकथा सांगते, की लिपी त्यांच्याकडेही होती, पण ती ज्या कातड्यावर लिहिली होती ते कुत्र्याने खाल्लं. मग सगळंच तोंडपाठ ठेवायचं, तर रोज रात्री एकत्र बसणं भागच होतं.

आओ मुलगा १२-१४ वर्षांचा झाला की अरिजूत दाखल होई. नव्या तुकडीने सरपण-पाणी आणायचं, थोरल्यांचे पाय चेपायचे, चुकलं तर दंड भरायचा. साधारण ३ वर्षांनी खाली नवी पोरं येत आणि ही तुकडी एक पायरी वर सरके. हातकामही तिथलंच: दाओने, म्हणजे नागा कोयत्याने, हिरवा बांबू उभा चिरायचा, आतला गर काढून कामटी पातळ करायची, तिची टोपली विणायची. हे सगळं शेजारच्याच्या हाताकडे बघत शिकायचं. मोरुंगाजवळ अख्खं खोड कोरून केलेला नगारा असे. शत्रू आला, आग लागली, कुणी गेलं, तर त्यावरच्या ठोक्यांवरून गावाला कळे.

मुली एखाद्या विधवेच्या घरी झोपत. मोरुंगात मिळणारी गावाच्या कारभाराची शिकवण मात्र त्यांच्या वाट्याला आली नाही, ही या पद्धतीची मोठी उणीव.

तरुणांनी एकत्र जमायचं असंच घर, गडचिरोलीतल्या माडियांचं गोटुल, आपल्या ओळखीचं आहे. मोरुंगाला मात्र लढाईची धार होती. जिंकून आणलेली मस्तकं तिथे ठेवत. १८७२ साली अमेरिकन बाप्टिस्ट मिशनरी एडविन क्लार्क आओ गावात पोचले. पुढे मिशनने रोमन लिपी दिली, शाळा काढल्या आणि मुंडक्यांची शिकार, तांदळाची बिअर, जुने विधी यांच्याबरोबर मोरुंगही त्याज्य ठरवलं. १९२६ साली जे. पी. मिल्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने आओंवरच्या पुस्तकात या मोडतोडीवर कडक टीका केली. मला ती पटते. शिकार थांबली हे चांगलंच झालं, पण त्यासाठी शेकोटीभोवतीची शाळा बंद करायची गरज नव्हती. लिपी आणि मोरुंग एकाच गावात नांदू शकले असते.

२००० सालापासून नागा टेकड्यांतल्या किसामा इथे डिसेंबरात हॉर्नबिल महोत्सव भरतो. तिथे प्रत्येक जमातीचं मोरुंग उभारलेलं आहे. ते जरूर पाहा, पण सवड काढून मोन जिल्ह्यातल्या कोन्याक गावांतही जा. तिथली मोरुंगं गावकऱ्यांनी स्वतःसाठी बांधलेली आहेत.