लपणाऱ्या शिपायाचा खेळ

व्हिडिओ गेम म्हटला कीं धडाधड गोळ्या झाडीत सुटलेला वीर आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. श्रोतेहो, आज ज्या जपानी खेळाविषयीं बोलावयाचें आहे, त्यांत मात्र गोळी झाडावी लागणें हें बहुधा फजितीचें लक्षण समजतात.

या खेळाचें नांव ‘मेटल गिअर’. कोनामी कंपनीनें तो १९८७ सालीं ‘एम्. एस्. एक्स्. २’ या घरगुती संगणकासाठीं काढला. त्याचा कर्ता हिदेओ कोजिमा हा आदल्याच वर्षीं कंपनींत दाखल झालेला तेविशींतला तरुण. त्याच्याकडे काम आलें युद्धाच्या खेळाचें, आणि यंत्र तर पडलें गरीब! पडद्यावरील एका आडव्या रेषेंत आठांहून अधिक हलत्या आकृति दाखविण्याची त्याची ऐपत नव्हती. फौज आणि गोळ्यांचा वर्षाव एकदम दाखवावा, तर आकृतिच लुप्त होत. कोजिमानें या दारिद्र्यांतूनच वाट काढली. सैन्य दाखवितां येत नाहीं, तर शिपायानें सैन्याला टाळावें! युद्धकैद्यांच्या पलायनाचा ‘द ग्रेट एस्केप’ हा १९६३ चा चित्रपट त्याच्या मनांत होताच. त्याचा ‘सॉलिड स्नेक’ नांवाचा हेर जवळजवळ रिकाम्या हातांनीं शत्रूच्या किल्ल्यांत शिरतो, पहारेकऱ्याची नजर कोणीकडे आहे तें पाहून पाऊल टाकतो, आणि अण्वस्त्र डागणाऱ्या ‘मेटल गिअर’ नामक चालत्या रणगाड्याचा नाश करतो.

निन्टेन्डोच्या यंत्रासाठीं हाच खेळ दुसऱ्या मंडळींनीं उतरविला, तेव्हां तो रणगाडाच गाळला गेला. म्हणजे राम वगळून रामायण! पुढें ‘स्नेक्स रिव्हेंज’ हा उत्तरभागही कोजिमाला वगळूनच तयार होऊं लागला. त्या कामावरील एक सहकारी त्याला आगगाडींत भेटला आणि खरा उत्तरभाग आपणच रचावा, असें त्यानें सुचविलें. ‘मेटल गिअर २’ जन्मला तो या भेटींतून. १९९० सालीं हे दोन्ही उत्तरभाग बाहेर पडले. दुसऱ्यांत पहारेकऱ्यांना कान आले. पावलांचा आवाज त्यांना ऐकूं येऊं लागला.

१९९८ च्या ‘मेटल गिअर सॉलिड’नें ही मालिका जगभर नेली. परंतु माझ्या मतें तिचें शिखर म्हणजे २००४ चा ‘स्नेक ईटर’. त्यांतील कथा १९६४ सालच्या रशियांत घडते. एका प्रसंगीं नायकाला उथळ नदींतून चालत जावें लागतें आणि समोरून मृतांचे आत्मे येऊं लागतात. हे मृत कोण? तर खेळणारानें तोंवर स्वतः मारलेलीं माणसें! ज्यानें लपतछपत रक्तपात टाळला, त्याची नदी बरीचशी मोकळी असते. ज्यानें बेगुमान गोळ्या झाडल्या, त्याची वाट संपतां संपत नाहीं. अखेरीस तर नायकाच्या गुरूला ठार करण्याचा क्षण येतो, आणि खेळणारानें कळ दाबल्यावांचून कथा पुढें सरकतच नाहीं. यंत्राच्या गरिबींतून निघालेली युक्ति येथें विवेकाचा प्रश्न होऊन बसली.

उपशाखाही पुष्कळ फुटल्या. २००४ चा ‘ॲसिड’ हा पत्त्यांचा खेळ असूनही वाट पाहण्याची मूळ वृत्ति त्यांत टिकली आहे. २०१३ च्या ‘रायझिंग’मध्यें तलवारीची चमक पुष्कळ, लपणें थोडें. कोजिमा २०१५ सालीं कंपनींतून बाहेर पडला. त्यानंतर २०१८ सालीं आलेल्या ‘सर्व्हाइव्ह’विषयीं फारसें न बोलणेंच बरें. २०२५ सालीं ‘स्नेक ईटर’ नव्या साजांत पुन्हां आला.

कोजिमानें जातांना ‘फँटम पेन’ या खेळांत एक विलक्षण गोष्ट ठेवली. खेळणारे तेथें आपापल्या तळावर अण्वस्त्र बनवूं शकतात, दुसऱ्याचें चोरून मोडूंही शकतात. एका प्रकारच्या यंत्रावर खेळणाऱ्या सर्वांचीं अण्वस्त्रें नष्ट झालीं, तरच निःशस्त्रीकरणाचें गुप्त दृश्य उलगडावें, अशी योजना होती. अनेकजण चिकाटीनें दुसऱ्यांचे बाँब मोडीत बसले. तिकडे कोणीतरी नवे घडवीतच होता. २०१८ च्या आरंभीं संगणकावरील आवृत्तींत तें दृश्य अकस्मात् उमटलें, आणि मोडणारांना आपला दिवस आला असें वाटलें. परंतु अण्वस्त्रें अद्याप शिल्लक होतीं. दृश्य मग उमटलें कसें, याची चौकशी कंपनीला करावी लागली.