खाकीवरचा मळ खरा असावा

चित्ररथावरचा शिपाई कायम नवरदेवासारखा का दिसतो, हा प्रश्न मला दर २६ जानेवारीला पडतो. कडक इस्त्री, चकचकीत बक्कल, कपड्यावर एक सुरकुती नाही, आणि खाली पाटी ‘रणांगणावरील वीर’! मी कपडेपटाचं काम करतो. नाटकं, शाळांची संमेलनं आणि अलीकडे जुन्या लढायांचे प्रसंग उभे करणाऱ्या हौशी मंडळींसाठी गणवेश तयार करतो. पोस्ट जरा लांब होणार आहे, पण विषय आपल्या भागातल्या माणसांचा आहे.

सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या कितीतरी गावांत एक संगमरवरी पाटी सापडते. पहिल्या महायुद्धाला या गावातून किती माणसं गेली आणि त्यातली किती मेली, एवढाच मजकूर. नावं नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचे ४६ जण त्या युद्धात गेले. गावाला पुढे ‘मिलिटरी अपशिंगे’ हेच नाव पडलं.

ही माणसं लढली कुठे? त्यातली बरीच मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. तिथे गेलेल्या फौजेत सहावी, म्हणजे ‘पूना’ डिव्हिजन होती. तिच्यात देशभरातल्या पलटणी होत्या, पण १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणीही होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोनला मोठी लढाई झाली, फौज मागे हटली आणि टायग्रिसच्या काठावरच्या कुत गावात अडकली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा जवळजवळ पाच महिन्यांचा वेढा, आणि शेवटी शरणागती.

मध्यंतरी काही तरुण मंडळींना हा कुतचा प्रसंग उभा करायचा होता. ते म्हणाले, “कपडे जुने दिसले पाहिजेत, बाकी तुम्ही बघा.” मी विचारलं, जुने म्हणजे कितव्या महिन्यातले? कारण डिसेंबरातला शिपाई आणि एप्रिलमधला शिपाई, दोघांचा कपडा एक असला तरी दिसणं एक नाही.

सुरुवात कापडापासून. बाजारात खाकी म्हणून मिळतं ते बहुतेक टेरिकॉट असतं. ते काही केल्या जुनं दिसत नाही. दुकानातच एक धागा काढून जाळून बघा. सुती धागा जळून राख होते, कागद जळल्यासारखा वास येतो. टेरिकॉटचा धागा वितळून त्याची टणक गोळी होते. शंभर टक्के सुती ड्रिल घ्यायचं. धुण्याचा सोडा घालून गरम पाण्यात दोन-तीनदा उकळायचं, म्हणजे खळ जाते आणि जे आटायचं ते आधीच आटतं. मग शिवायला टाकायचं. त्या वेळच्या हिंदी पायदळातल्या शिपायाचा खाकी कुडता बिनकॉलरचा, गुडघ्याकडे पोचणारा लांब असायचा. आजच्या पोलिसी शर्टाचा नमुना शिंप्याला दिला की तिथेच घोळ.

कोरं कापड मळकं करण्यासाठी चहाचं पाणी वापरतात. यात एक गंमत आहे. ‘खाकी’ हा शब्द ‘खाक’वरून आला. आपण खाक म्हणजे राख म्हणतो, फारसीत खाक म्हणजे धूळ, माती. १८४६ साली पेशावरला उभ्या राहिलेल्या गाइड्स पलटणीने हा रंग आधी वापरला. १८५७ च्या धामधुमीत गोऱ्या पलटणींनी आपले पांढरे कपडे चहा, माती, शाई, जे मिळेल त्यात बुडवून मळखाऊ केले. न उडणारा खाकी रंग १८८४ च्या पेटंटनंतर आला. म्हणजे आज आम्ही बादलीत चहा उकळतो, तेच एकेकाळी खुद्द शिपायांनी केलं होतं!

रंग उडवायला ब्लीचिंग पावडर नको. कापड कुजतं आणि चट्टे पडतात. गच्चीवरचं ऊन सगळ्यात चांगलं. कपडा ओला करून अंगात घालायचा, अंगावरच वाळू द्यायचा, मग पट्टे बांधून उन्हात वावरायचं. खांदे आणि पाठ आधी फिकी होतात. पट्ट्याखालचा आणि खिशाच्या झाकणाखालचा भाग गडद राहतो. खिशात ओले दगड ठेवले की खिसे ओघळतात. पॉलिश पेपर फक्त जिथे खरंच घासलं जातं तिथे फिरवायचा: कोपर, बाहीची कड, बंदुकीचा दस्ता टेकतो तो उजवा खांदा. सगळीकडे सारखा फिरवला तर कपडा जुना दिसत नाही, उंदराने कुरतडल्यासारखा दिसतो. काखेत आणि पाठीवर मिठाचं पाणी शिंपडून वाळवलं की घामाच्या पांढऱ्या रेषा उमटतात. ठिगळ लावायचं तर वेगळ्या छटेचं, हाताने, धावदोऱ्याने. मोर्च्यात शिलाई मशीन नव्हतं.

आता माती. आपली मंडळी हौसेने लाल माती फासतात. कोकणातली लाल माती टायग्रिसच्या काठी कुठून येणार? तिथला गाळ फिकट, करडा-पिवळसर. त्याला आपली मुलतानी माती जवळची. सिनेमावाले धुळीसाठी जगभर तीच वापरतात. पाऊस आणि पुराने तिथले खंदक भरायचे, म्हणून चिखल पिंढऱ्यांवर आणि कुडत्याच्या खालच्या घेरावर. छातीवर ब्रशने उडवलेले शिंतोडे काढून टाका.

एवढं करूनही कुतचा एप्रिल दिसत नाही, कारण मुख्य गोष्ट मळ नाहीच. भूक आहे. वेढ्यात शिधा कमी कमी होत गेला. घोडे कापून खायची वेळ आली, पण धर्माच्या कारणाने बऱ्याच हिंदी शिपायांनी ते मांस बरेच दिवस नाकारलं. ताजी भाजी नाही, मांस नाही, त्यामुळे त्यांच्यात स्कर्व्ही पसरला. म्हणून त्या मुलांना मी कुडते दोन मापं मोठे दिले. खांद्याची शिवण दंडावर उतरलेली, कमरपट्ट्याला खिळ्याने पाडलेली जादा भोकं. कपडा सैल झाला की बघणाऱ्याला न सांगता कळतं, आतला माणूस वाळलाय.

आणि हा मळ कोणाचा, हेही विचारायला हवं. टेसिफोनच्या जखमींना स्प्रिंग नसलेल्या गाड्यांत घालून नेलं, पुढे गर्दीने भरलेल्या बोटींतून, पुरेशी औषधं नाहीत, माणसं घाणीत पडलेली. या गैरव्यवस्थेची चौकशी झाली. १९१७ साली मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल आला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. म्हणजे शिपायाच्या अंगावरच्या फाटक्या कपड्याचा हिशेब पार लंडनपर्यंत गेला होता. आपण त्याला कडक इस्त्रीत उभा करतो तेव्हा तो हिशेबच पुसून टाकतो. मग उरतो फक्त जयजयकार. कुतला सुमारे १३ हजार माणसं शरण गेली. त्यातली हजारो कैदेतून परतली नाहीत. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं कोरली, हिंदी शिपायांची मात्र फक्त संख्या.

दोन कळकळीच्या विनंत्या. एक, नकली गणवेश इतका हुबेहूब झाला की तो कधीतरी अस्सल म्हणून विकला जातो. मी प्रत्येक कुडत्याच्या आत पक्क्या शाईने ‘नक्कल’ आणि साल लिहितो. तुम्हीही लिहा. दोन, घरात पणजोबांचा खरा कोट, पट्टा, पागोटं असेल तर ते कार्यक्रमाला देऊ नका, धुऊ नका, इस्त्री करू नका. त्यावरचा डाग हीच त्यांची सही आहे. धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा, आणि कोणाचं होतं ते कागदावर लिहून सोबत ठेवा.

येत्या १५ ऑगस्टला तुमच्या शाळेचा चित्ररथ निघणार असेल तर गुरुजींना एवढंच सांगा: भाड्याचा चकाकता कोट नको. आधी गावातली पाटी शोधा, आकडा वाचा, आणि त्यातल्या एका तरी माणसाचं नाव म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून काढा. ते नाव कळलं की मग त्याच्यासाठी कपडा शिवू. मळवायचा कसा, ते मी येऊन दाखवतो.